परक्या भाषेतली घरची गाणी

सप्टेंबर १९४८ पूर्वी मराठवाड्यात शाळेत गेलेल्या पिढीला एकाच वेळी दोन-तीन भाषांत जगण्याची सवय होती. जालना, अंबड, भोकरदन येथील घरांत मराठी बोलली जाई. वरच्या वर्गांत गणित आणि भूगोल उर्दूतून शिकवले जात. कचेरीतला अर्ज उर्दूत लिहावा लागे आणि बाजारात दखनीवर काम भागे. निजामाचे राज्य गेले, शाळांचे माध्यम बदलले, तरी त्या पिढीच्या जिभेवरची उर्दू एका दिवसात उतरली नाही. तुकारामाचा अभंग आणि गालिबचा शेर सारख्याच सहजतेने म्हणणारे शिक्षक या भागाने पाहिले आहेत. त्यामुळे त्यांचे मराठीपण उणे झाले असे कोणी म्हटले नाही. याच जिल्ह्यातील जांब येथे जन्मलेल्या समर्थ रामदासांनीही हिंदुस्थानीत पदे रचली, आणि तीही रामदासांचीच मानली गेली.

जी सवलत आपण आपल्या माणसांना इतक्या मोकळ्या मनाने देतो, ती शेजारच्या गोव्यातील एका गायकाला मात्र फार काळ मिळाली नाही. गोव्यातील सत्तांतर मराठवाड्याच्या नंतर तेरा वर्षांनी, १९ डिसेंबर १९६१ रोजी झाले. तेथे उर्दूच्या जागी पोर्तुगीज होती आणि ती राज्यसत्तेबरोबर साडेचारशे वर्षे मुक्कामाला होती. रेमो फर्नांडिस यांचा जन्म ८ मे १९५३ चा. म्हणजे पोर्तुगीज अंमल संपला तेव्हा ते आठ वर्षांचे होते. राज्यकर्त्यांची पोर्तुगीज, भोवतालच्या लोकांची कोंकणी, नव्या शाळांची इंग्रजी आणि चित्रपटांची हिंदी अशा चार भाषांच्या वेढ्यात त्यांचे बालपण गेले. पुढे ते प्रामुख्याने इंग्रजीत गाऊ लागले, हातात गिटार घेतली, केस वाढवले. तेव्हा ‘हा पाश्चात्त्यांचा आणखी एक नकलाकार’ असा शिक्का मारून मोकळे होणे सोयीचे होते. हा शिक्का कितपत खरा होता, याचा विचार मात्र फारसा झाला नाही.

त्यासाठी गोव्याच्या संगीताकडे थोडे मागे जाऊन पाहिले पाहिजे. पोर्तुगीज काळात चर्चला जोडलेल्या गावोगावच्या शाळांत मुलांना प्रार्थनेसाठी म्हणून स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवले जाई. शिकवणाऱ्याला ‘मेस्त’ म्हणत. धर्मकार्यासाठी दिलेल्या या विद्येचा उपयोग लोकांनी आपल्या सुखदुःखासाठी केला. एकोणिसाव्या शतकात सासष्टीतील सुखवस्तू ख्रिस्ती घरांत मांडो हा गानप्रकार बहराला आला. त्याची भाषा कोंकणी, मधूनमधून पोर्तुगीज शब्द, स्वरांची जुळणी युरोपीय, आणि साथीला व्हायोलिनबरोबर घुमट! घुमट म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे मातीचे भांडे. एका तोंडावर पूर्वी घोरपडीचे कातडे ताणून बसवीत, आता वन्यजीव कायद्यामुळे बकऱ्याचे लावतात. हेच घुमट गोव्यातील हिंदू घरांत गणपतीच्या आरतीलाही घुमते. मांडोच्या विलंबित विरहगीतातही तेच आणि चतुर्थीच्या आरतीतही तेच. आपले कोठे संपते आणि परके कोठे सुरू होते हे या एका मडक्यावर बोट ठेवून सांगता येणार नाही.

स्वरलिपी वाचू शकणारे हेच गोमंतकीय वादक पोटासाठी मुंबईला आले आणि हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांचा कणा झाले. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यमेळाची मांडणी सेबॅस्टियन डिसूझा करीत. पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’च्या (१९५१) ठेक्यामागे चिक चॉकलेट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गोमंतकीय ट्रंपेटवादकाचा हात होता. मास्टर भगवान यांची पावले ज्या तालावर पडली आणि सारा देश ज्यावर डोलला, त्या तालात गोवा मिसळलेला होता. पण पडद्यावरील श्रेयनामावलीत या मंडळींना स्थान क्वचितच मिळे. अँथनी गोन्साल्विस हे नाव १९७७ साली देशभर दुमदुमले ते एका विनोदी गाण्यातून. त्या नावाचा एक खराखुरा व्हायोलिनवादक आहे, त्याने प्यारेलाल आणि राहुलदेव बर्मन यांना शिकवले आहे, आणि शिष्याने गुरूला वाहिलेली ती आदरांजली आहे, हे ऐकणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते? गोव्याने सूर द्यायचा आणि नाव दुसऱ्याचे व्हायचे, अशी ही जुनी वहिवाट होती.

रेमो यांनी ही वहिवाट मोडली. त्यांच्या साऱ्या कारकिर्दीत खरोखर धाडसाचे म्हणावे असे जे काही आहे, ते येथे आहे.

त्यांनी मुंबईच्या सर जे. जे. महाविद्यालयात वास्तुशास्त्राचे शिक्षण घेतले. त्याच काळात ‘द सॅव्हेजेस’ या तेव्हाच्या नावाजलेल्या वाद्यवृंदातून ते गात-वाजवत होते. शिक्षण पुरे झाल्यावर घरे बांधण्याऐवजी ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकून आले. वाटेत मिळेल त्या गाडीला हात दाखवीत केलेला हा प्रवास होता. परतल्यावर मुंबईत न राहता ते बारदेशातील शिवोली या गावी, आपल्या घरी राहिले. मुंबईत राहून इंग्रजी गाणे म्हणणाऱ्याला त्या काळी एकच काम मिळे: हॉटेलात आलेल्या पाहुण्यांपुढे अमेरिकेतील आणि इंग्लंडातील गाजलेली गाणी हुबेहूब म्हणून दाखवणे. स्वतः रचलेले इंग्रजी गाणे, तेही गोव्याच्या चिखलमातीवरचे, ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या कंपन्यांच्या हिशेबात बसत नव्हते.

तेव्हा रेमो यांनी घरातच ध्वनिमुद्रण केले. चार पट्ट्यांवर स्वतंत्रपणे आवाज नोंदवणारे एक लहानसे कॅसेटयंत्र हे त्यांचे भांडवल. एका पट्टीवर ताल नोंदवायचा, तो ऐकत दुसरीवर गिटार, ती ऐकत तिसरीवर बासरी. तिन्ही भरल्या की त्यांची बेरीज चौथीवर उतरवून पहिल्या तीन पुन्हा मोकळ्या करायच्या, आणि असे थरावर थर चढवत जायचे. प्रत्येक बेरजेबरोबर आवाजाची थोडी झळाळी कमी होते आणि एकदा चुकीची बेरीज झाली तर मागे फिरता येत नाही; म्हणजे काम गवंड्याच्या चिकाटीचे. वाद्ये वाजवणारे, गाणारे आणि यंत्र चालवणारे ते एकटेच. अशा रीतीने १९८४ साली ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट तयार झाली. वेष्टणाचे चित्रही त्यांनीच काढले, आणि आपल्या पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी लादून ते गोव्यातील दुकानादुकानांतून स्वतः पोचवू लागले. ज्या देशात ध्वनिमुद्रिकांचा व्यवसाय अनेक दशके एक-दोन कंपन्यांच्या मुठीत होता, तेथे एका माणसाने स्वतःच निर्माता, कारखानदार आणि फिरता विक्रेता होऊन दाखवले. पुढच्याच वर्षी ‘ओल्ड गोअन गोल्ड’ निघाली. तिच्यात जुन्या गोमंतकीय गाण्यांना नवा साज होता. १९८६ साली ‘पॅक दॅट स्मॅक’ आली. तोवर कंपन्यांनाच त्यांच्या दारी येण्याची गरज वाटू लागली होती. १९८७ चे ‘बॉम्बे सिटी’ मोठ्या कंपनीने काढले.

या गाण्यांत काय होते? इंग्रजी भाषा होती, गिटार आणि ढोलांचा पाश्चात्त्य ठेका होता, मधेच बासरी होती, कोंकणीचा हेल होता. पण विषय पाहिले तर ते अगदी घरचे होते. ‘पॅक दॅट स्मॅक’ हे तरुणांना लागलेल्या गर्दच्या व्यसनाविरुद्धचे गाणे होते. परदेशी प्रवाशांबरोबर किनाऱ्यावर आलेले हे विष गावातल्या मुलांपर्यंत झिरपू लागले होते. अशा वेळी लांब केसांच्या आणि रॉक गाणाऱ्या माणसानेच त्याविरुद्ध गावे, याचा परिणाम शंभर उपदेशपर भाषणांनी झाला नसता एवढा झाला असणार. टेलिफोनचा शोध लावणाऱ्या ग्रॅहॅम बेलला उद्देशून त्यांनी एक गाणे रचले. त्यात भारतातील टेलिफोनच्या अवस्थेची यथेच्छ थट्टा आहे. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास बसलेल्या कारकुनाला ते गाणे ऐकवले असते, तर भाषा न समजताही तो हसला असता. राजकारणी, नोकरशाही, मुंबईची गर्दी, जातीधर्मांची भांडणे हे त्यांचे नेहमीचे विषय. न्यूयॉर्क किंवा लंडनच्या श्रोत्याला यातले निम्मे कळलेही नसते. नकलाकार आपले गाणे परक्या श्रोत्याला आवडावे म्हणून धडपडतो. येथे परका श्रोता हिशेबातच नव्हता.

गोव्याच्या परंपरेतच याची मुळे आहेत. कोंकणी तियात्राचा पहिला प्रयोग १८९२ साली मुंबईत झाला. तेव्हापासून त्या रंगभूमीवर दोन प्रवेशांच्या मधे म्हटली जाणारी ‘कांतारां’ पुढाऱ्यांची आणि पाद्र्यांचीही खिल्ली उडवीत आली आहेत. साठ-सत्तरच्या दशकांत ख्रिस पेरी यांनी लॉर्ना यांच्या आवाजात कोंकणी शब्दांना जॅझचा पोशाख चढवला, तोही लोकांनी डोक्यावर घेतला. १९६७ च्या जनमत कौलात गोवा महाराष्ट्रात विलीन करावा की वेगळा ठेवावा, या प्रश्नावर उल्हास बुयांव यांच्या गाण्यांनी गावे जागवली होती. त्या कौलात विलीनीकरणाची बाजू हरली. मराठी वाचकाच्या मनात ती आठवण अजून थोडी सलत असेल. परंतु गोमंतकीय माणूस आपले राजकारण गाण्यातून बोलतो, हे त्या वेळीच ध्यानात यायला हवे होते.

रेमो यांचे असे बोलणे एकदा थेट देशाच्या पंतप्रधानांपुढे झाले. ऐंशीच्या दशकात राजीव गांधी गोव्याला आले असता त्यांच्या सत्काराच्या कार्यक्रमात रेमो यांना गाण्यासाठी बोलावण्यात आले. अशा प्रसंगी कलावंताने स्वागतगीत म्हणावे, हार-तुऱ्यांच्या ओळीत उभे राहावे आणि मानधनाचे पाकीट घेऊन घरी जावे, असा संकेत आहे. रेमो यांनी ‘हॅलो राजीव गांधी’ हे गाणे म्हटले. स्वागत त्यात होतेच. पण पाहुण्याला गोव्याचे जे रूप दाखवले जात होते त्यामागचे खरे प्रश्नही होते आणि स्थानिक पुढाऱ्यांना बोचतील अशा गोष्टीही होत्या. व्यासपीठाचा गैरवापर झाला, असा गिल्ला झाला. वृत्तपत्रांत वाद रंगला. अखेर, आपल्याला आणि आपल्या पत्नीला गाण्यात आक्षेपार्ह काही वाटले नाही, उलट ते आवडले, असे खुद्द राजीव गांधी यांनीच कळवले, आणि निषेध करणाऱ्यांची पंचाईत झाली. राजाने हसून दाद दिल्यावर दरबाराने रागवायचे कोणाच्या नावाने?

या घटनेत एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. हे गाणे कोंकणीत असते तर ते मांडवासमोर बसलेल्या लोकांना कळले असते, मुख्य पाहुण्याला कळले नसते. इंग्रजीत होते म्हणून ते ज्याच्यासाठी होते त्याला जागच्या जागी कळले. भाषेची निवड केवळ अभिमानाने किंवा केवळ न्यूनगंडाने होत नाही. कोणाशी बोलायचे आहे यानेही ती ठरते. निजामी अमलातील शेतकऱ्याचा अर्ज उर्दूत लिहिणारा जालन्याचा वकील हे चांगले जाणत होता.

अर्थात याच निवडीने रेमो यांच्या गाण्याला मर्यादाही घातली, हे नाकारण्यात अर्थ नाही. शिवोलीच्या बाजारात मासळी विकणाऱ्या बाईपर्यंत आल्फ्रेड रोझ यांचे गाणे पोचत होते, तसे रेमो यांचे ग्रॅहॅम बेलवरचे गाणे पोचणे शक्य नव्हते. ते इंग्रजी शाळांतून शिकलेल्यांचे, पणजी-मडगाव आणि मुंबई-बंगळूरच्या महाविद्यालयांतल्या तरुणांचे गाणे राहिले. १९८७ च्या फेब्रुवारीत कोंकणीला राजभाषेचा दर्जा मिळाला आणि मे महिन्यात गोवा हे स्वतंत्र घटकराज्य झाले. त्याआधीच्या भाषावादात गोव्याची मने पेटलेली असताना ऐन भरातला हा गायक मुख्यतः इंग्रजीत गात होता. कोंकणीवाल्यांना तो पुरता आपला वाटला नसेल, मराठीवाल्यांचा तर तो नव्हताच. दोन्ही बाजूंची ही तक्रार अगदीच निराधार म्हणता येणार नाही. मिश्र वारशाच्या माणसाला प्रत्येक पंगतीत पान वाढले जाते, पण कोणत्याही पंगतीत मानाचे पान मिळत नाही.

मराठी रसिकाने मात्र या बाबतीत थोडे सबुरीने बोलावे. ज्यांना तो अस्सल मराठी संगीताचा मानदंड मानतो ते पं. जितेंद्र अभिषेकी गोव्यातील मंगेशीचे. ‘मत्स्यगंधा’ आणि ‘कट्यार काळजात घुसली’ यांच्या पदांवर मान डोलवणाऱ्यांनी, त्याच अभिषेकींनी ‘लेकुरे उदंड जाली’साठी पाश्चात्त्य धाटणीच्या चाली बांधल्या, हेही आठवावे. अभिषेकी आणि रेमो यांची तुलना करायची नाही. विद्येची खोली आणि तपश्चर्या या दोन्ही बाबतींत ती अप्रस्तुतच ठरेल. मुद्दा एवढाच की या चिमुकल्या प्रदेशात दोन दिशांचे वारे वाहतात आणि तेथील कलावंत, मग तो देवळाच्या अंगणात वाढलेला असो की चर्चच्या, दोन्ही खिडक्या उघड्या ठेवतो.

रेमो यांचे नाव गोव्याबाहेरच्या सामान्य माणसापर्यंत पोचले ते चित्रपटांमुळे. श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’ १९८५ चा. पोर्तुगीज राज्याच्या अखेरच्या दिवसांतील एका घराण्याची ती कथा, लोटलीच्या जुन्या वाड्यात चित्रित झालेली. तिच्यात रेमो यांचे गाणे शोभून दिसले, कारण ते वातावरण त्यांचेच होते. १९८७ साली ‘जलवा’ आला. मग १९९५ साली मणिरत्नम यांच्या ‘बॉम्बे’मधील ‘हम्मा हम्मा’ या गाण्याने सारा देश घुमवला. १९९८ साली ‘प्यार तो होना ही था’चे शीर्षकगीत जसपिंदर नरूला यांच्यासह गाजले आणि त्याच वर्षी त्यांचा स्वतःचा ‘ओ मेरी मुन्नी’ हा हिंदी गीतसंग्रह निघाला. जालन्यात कोणाच्या वरातीत ‘हम्मा हम्मा’ वाजले आणि पोरे नाचली, तर गाणारा कोण हे विचारण्याचे कारण कोणाला पडले नसेल.

येथे एक विरोधाभास आहे. इंग्रजीत गात होते तोवर रेमो गोव्याचे होते. हिंदीत गाऊ लागले तेव्हा ते साऱ्या देशाचे झाले, परंतु त्यांचे स्वतःचे असे त्या गाण्यांत फार थोडे राहिले. ‘हम्मा हम्मा’ची चाल ए. आर. रहमान यांची, शब्द दुसऱ्याचे. रेमो यांच्याकडून हवा होता तो त्यांच्या गळ्यातला एक वेगळा, किंचित परका वाटणारा पोत. चित्रपटसृष्टीने पूर्वीच्या गोमंतकीय वादकांकडून ट्रंपेट घेतला, रेमो यांच्याकडून आवाज घेतला. फरक इतकाच की या वेळी नाव कॅसेटच्या वेष्टणावर छापले गेले. चार पट्ट्यांच्या यंत्रावर एकट्याने थर चढवणारा, पंतप्रधानांना तोंडावर दोन गोष्टी सुनावणारा कवी-गायक या झगमगाटात दिसेनासा झाला, असे त्यांच्या जुन्या चाहत्यांना वाटले तर त्यांना दोष देता येणार नाही. ‘ओ मेरी मुन्नी’ ऐकून कोणाला गर्द सोडावासा वाटला नसता आणि कोणी मंत्री रागावलाही नसता. लोकप्रियतेची ही किंमत इतरांनीही मोजली आहे. पण ज्याने एकदा ती न मोजता जगून दाखवले, त्याच्याकडून अपेक्षा अधिक असतात.

सन्मान यथाकाल आले. तेव्हाच्या पूर्व जर्मनीतील ड्रेस्डेनच्या गीतमहोत्सवात १९८६ सालीच त्यांना पारितोषिके मिळाली होती. २००७ साली पद्मश्री मिळाली. २०२१ साली त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. पण या साऱ्यांपेक्षा एक लहानशी गोष्ट अधिक बोलकी वाटते. २०१३ साली ‘डेव्हिड’ या हिंदी चित्रपटात रेमो यांच्या आवाजात ‘मारिया पिताशे’ हे गोव्यातील जुने कोंकणी गाणे वाजले. ते हिंदीत भाषांतरित करण्याची गरज त्या वेळी कोणाला भासली नाही. शब्द कोंकणीतलेच राहिले, आणि दिल्ली-लखनौच्या प्रेक्षकांनी ते तसेच ऐकून घेतले.